वेठ, दान आणि हक्क

मंगळवेढे हे गाव महाराष्ट्रास ठाऊक आहे ते संतांचे गाव म्हणून. पंढरीहून सात-आठ कोसांवर वसलेल्या ह्या गावी चोखोबा राहिले, दामाजीपंत राहिले, कान्होपात्रा जन्मास आली. आणि त्यांच्याही पूर्वी कलचुरी राजांच्या खजिन्यात बसवेश्वरांनी हिशेबनिशीची चाकरी केली, अशी परंपरा आहे. यात्रेकरू येथे येतो तो ह्या नावांसाठी. आज आम्ही वाचकांस ह्याच नावांकडे किंचित निराळ्या बाजूने पाहावयास सांगणार आहो. ही चरित्रे भक्तीची आहेत हे तर खरेच. परंतु ती श्रमाची आणि राजसेवेचीही चरित्रे आहेत. कामगारांच्या हक्कांचा इतिहास मुंबईच्या गिरण्यांपासून सुरू होतो असे आपण समजतो. पण त्या इतिहासाच्या मुळाशी जे प्रश्न आहेत, ते ह्या गावच्या काळ्या मातीत जवळजवळ सातशे वर्षे पडून आहेत.

चोखोबांच्या अंताची हकीकत सर्वश्रुत आहे. मंगळवेढ्याच्या गावकुसाचे बांधकाम चालू होते. चोखोबा जातीने महार. गावकीची कामे आणि सरकारी वेठ ही त्यांच्या वाट्यास जन्मतःच आलेली. इतर मजुरांबरोबर तेही त्या कामावर लावले गेले. एके दिवशी भिंत कोसळली आणि खाली राबणारी माणसे दगडमातीत गाडली गेली. परंपरा हे वर्ष शके 1260, म्हणजे इ. स. 1338, असे सांगते. पुढे नामदेव पंढरीहून आले. ढिगाऱ्यातील ज्या अस्थींमधून विठ्ठलनामाचा ध्वनी उमटला त्या चोखोबांच्या, असे ओळखून त्यांनी त्या वेचून घेतल्या आणि पंढरपुरास महाद्वारापाशी त्यांची समाधी बांधली.

ह्या कथेतील भाव काढून घेण्याची आमची इच्छा नाही. परंतु तिच्यातच एक साधा प्रश्न दडलेला आहे, तो आजवर फारसा कोणी विचारला नाही. अस्थी ओळखण्याची पाळी का आली? कारण त्या एकाच्या नव्हत्या. भिंतीखाली अनेक माणसे गेली होती आणि त्या दिवशी कामावर कोण कोण होते ह्याची नोंद कोणाजवळही नव्हती. चोखोबांस ओळखणारे नामदेव भेटले. त्यांच्या घरी पत्नी सोयराबाई, पुत्र कर्ममेळा, बहीण निर्मळा आणि मेहुणे बंका हे सारेच अभंगकर्ते होते, म्हणून त्या घराची नावे उरली. बाकीच्यांची नावे कोणत्याही अभंगात नाहीत आणि कोणत्याही दप्तरातही नाहीत. भिंत कोणाच्या हुकुमाने उठत होती, ती कच्ची का राहिली, मेलेल्यांच्या बायकामुलांस काय मिळाले, ह्याविषयी कथा एक अक्षर बोलत नाही. तिला बोलण्याचे कारणही नव्हते. कारण त्या काळी हे प्रश्नच नव्हते.

ते प्रश्न आज आपण मांडू शकतो, आणि ते तीन आहेत. पहिला: कामावर येण्यास ‘नाही’ म्हणण्याची त्या मजुरास मुभा होती काय? दुसरा: त्याच्या श्रमाचे मोल कोणी ठरविले होते काय? तिसरा: तो कामावर मेला तर त्याच्या माणसांस जबाब देण्यास कोणी बांधलेला होता काय? कामगारांविषयीचे कायदे कितीही जाडजूड असोत, त्यांतील बहुतेक कलमे फिरून फिरून ह्याच तीन प्रश्नांपाशी येतात.

वेठ ही संस्था चोखोबांच्याही काळी जुनीच होती. हा शब्द संस्कृत ‘विष्टि’पासून आला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात विष्टीचा उल्लेख राज्याच्या साधनसंपत्तीत येतो आणि विदर्भातील वाकाटकांच्या ताम्रपटांत दान दिलेले गाव विष्टीपासून मुक्त केल्याचे लिहिलेले असते. ही सूट कोणास मिळाली हे मात्र लक्षात घेतले पाहिजे. सूट मिळे ती दान घेणाऱ्याच्या गावास. राबणाऱ्या माणसाने कोणासाठी राबावे, अथवा राबावेच की नाही, हा विषय ताम्रपटाचा नव्हता. पुढे फारसीतून ‘बिगार’ हा शब्द आला आणि मराठीने दोन्ही जोडून ‘वेठबिगार’ असा जोडशब्द केला. राज्ये पालटली, भाषा पालटली. ओझे मात्र त्याच डोक्यावर राहिले.

येथे कोणी म्हणेल की, श्रमाची थोरवी आपल्याकडे कधीच ओळखली गेली नाही असे नाही. ते खरे आहे, आणि त्याचाही दाखला मंगळवेढ्यापाशीच मिळतो. येथून कल्याणास गेलेल्या बसवेश्वरांनी बाराव्या शतकात ‘कायक’ ह्या कल्पनेस धर्माचे स्थान दिले. आपल्या हातांनी केलेले प्रामाणिक काम हीच पूजा, आणि कोणतेही काम हलके नाही, असा तो विचार. चांभार, कोळी, बुरूड, परीट अशा नाना व्यवसायांची माणसे शरण म्हणून एका पंक्तीस आली. ही क्रांती लहान नव्हती. परंतु ती घडल्यास दोनशे वर्षेही झाली नाहीत तोच, त्याच गावी, चोखोबांवर भिंत पडली. आदर ही एक गोष्ट आहे आणि अधिकार ही दुसरी. श्रमास देव मानणाऱ्या समाजातही श्रमिकाचा जीव बेवारस राहू शकतो, हे ह्या दोन घटना शेजारी ठेवल्या म्हणजे कळते.

आता ‘हक्क’ ह्या शब्दाकडे वळू. हा शब्द आपण आज अभिमानाने वापरतो. पण गावगाड्यात त्याचा अर्थ निराळा होता. बेदरच्या बादशहाने महारांस 52 हक्क दिले अशी त्या समाजात जुनी परंपरा आहे. बलुत्याचे धान्य, मेलेल्या जनावराचे कातडे, लग्नकार्यातील व सणावारांतील ठरीव वाटा, असे ते हक्क. ह्यांच्या मोबदल्यात गावची सीमा राखावयाची, सांगावा पोचवावयाचा, सरकारी वसुलाबरोबर जावयाचे, आल्यागेल्या अधिकाऱ्याची सरबराई करावयाची. ह्या हक्काची एक खूण अशी की, तो माणसास मोकळा करीत नव्हता. तो त्यास कामाशी जखडून ठेवीत होता. काम सोडले तर वतन जाई, वतन गेले तर गाव जाई. त्यातही ह्या ‘हक्का’चे माप दुसऱ्याच्या हाती असे. खळ्यावर किती पेंढ्या पडावयाच्या हे देणाऱ्याच्या मर्जीवर ठरे. जे मागून घेता येत नाही, पुढे केलेल्या पदरात पडेल तेच घ्यावे लागते, त्यास हक्क म्हणावयाचे की दान, हा प्रश्नच आहे.

आणि दानाचा थोर आदर्श म्हणून ज्यांचे नाव महाराष्ट्र घेतो, ते दामाजीपंतही मंगळवेढ्याचेच. बहामनी राज्याचे ते येथील अंमलदार. पंधराव्या शतकात, परंपरेप्रमाणे 1458 ते 1460 ह्या सुमारास, भयंकर दुष्काळ पडला. सरकारी कोठारे भरलेली आणि रस्त्यावर माणसे मरताहेत, हे त्यांस पाहवेना. त्यांनी बादशहाची आज्ञा न घेता कोठारे उघडली. बेदरहून त्यांस पकडून आणण्याचा हुकूम सुटला. तेव्हा विठोबाने विठू महाराचे रूप घेतले, बेदरास जाऊन धान्याची सारी किंमत चुकती केली आणि पावती आणली, अशी कथा आहे.

विठोबाने रूप घेतले ते कोणाचे, हे वाचकांनी पाहावे. सावकाराचे नव्हे, सरदाराचे नव्हे; महाराचे. आणि त्या रूपात त्याने केले काय? सरकारचा पैसा गावाहून राजधानीस पोचविला. हे तर महाराचे नित्याचे वतनी काम! लोकांनी देवास जी चाकरी दिली ती त्यांच्या रोजच्या पाहण्यातली होती. चोखोबांच्या गावच्या लोकांनी रचलेली ही कथा एका परीने त्या बेनाव श्रमाचे ऋण मान्य करते. तथापि तिच्यातही उपाशी माणसास जे मिळाले ते दामाजीपंतांच्या दयेमुळे मिळाले. पंतांच्या जागी निष्ठुर अंमलदार असता तर त्याच कोठारासमोर तीच माणसे मेली असती आणि त्यांस दाद मागण्यास जागा नसती. दयेचा हाच दोष आहे: ती माणसावर अवलंबून असते.

चारशे वर्षांनी ह्याच मुलखात हा दोष पुन्हा दिसला. 1876 ते 1878 च्या दुष्काळात सोलापुरासह दख्खनचे जिल्हे होरपळून निघाले. इंग्रज सरकारने दुष्काळी कामे काढली. पण सर रिचर्ड टेंपल ह्यांच्या धोरणाप्रमाणे मजुरी इतकी खाली आणली की तीत दिवसाकाठी जेमतेम एक पौंड धान्य यावे. तेव्हा 1877 च्या आरंभी एक अपूर्व गोष्ट घडली. उपाशी मजुरांनी ह्या मजुरीवर राबण्याचे नाकारून कामे सोडली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. मरणाच्या दारात उभ्या असलेल्या माणसांनी, आम्हांस भीक नको, कामाचे पुरते मोल हवे, असे म्हणावे, हे आमच्या मते ह्या प्रांताच्या श्रमिक इतिहासातील एक मोठे वळण होय.

त्यानंतर कायद्याचे युग आले. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी 1884 मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि 1890 च्या जूनमध्ये गिरणी मालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली. आमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 1923 च्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याने दिले. तो 1924 च्या 1 जुलैपासून अंमलात आला. त्याचे तत्त्व मोलाचे होते. मालकाची चूक सिद्ध करण्याची जरूर नाही. काम चालू असता, कामामुळे अपघात घडला, एवढे पुरे. मजूर कंत्राटदाराने आणलेला असला तरी मूळ मालक सुटत नाही. आणि मृत्यू झाल्यास रक्कम विधवेच्या हाती परस्पर टेकवून तिचा अंगठा घेता येत नाही. ती आयुक्ताकडे भरावी लागते.

हा कायदा आपण मंगळवेढ्याच्या भिंतीस लावून पाहू. सोयराबाई आयुक्तापुढे उभ्या आहेत अशी कल्पना करावी. भिंत का पडली हे त्यांस सांगावे लागणार नाही. पण दोन गोष्टी दाखवाव्या लागतील: चोखोबा त्या कामावर नोकरीच्या नात्याने होते, आणि त्यांस अमुक वेतन मिळत होते. भरपाईचा आकडा वेतनावरूनच काढावयाचा असतो. परंतु वेठीस नोकरीचा करार नसतो आणि वेतनही नसते! म्हणजे कायदा हाती असूनही त्या माउलीस रिकाम्या हाती परतावे लागते. ह्यावरून एक गोष्ट सिद्ध होते, आणि तीच ह्या लेखाची मुख्य गोष्ट समजावी: तीन प्रश्न हे तीन सुटे प्रश्न नसून एका साखळीच्या कड्या आहेत. ज्यास ‘नाही’ म्हणता येत नाही त्याच्या श्रमास मोल नसते, आणि ज्याच्या श्रमास मोल नाही त्याच्या मरणासही मोल लागत नाही.

शिवाय त्या काळी मंगळवेढे ब्रिटिश मुलखात नव्हतेच. ते पटवर्धनांच्या सांगली संस्थानचा एक तालुका होते आणि 1948 मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत तसेच राहिले. ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा संस्थानी प्रजेस आपोआप लागू होत नसे. सोलापूरच्या गिरणीतील कामगाराचा हात यंत्रात सापडला तर त्यास 1923 चा कायदा होता. शिवेपलीकडच्या मजुराचे नशीब त्याच्या संस्थानिकाने काय ठरविले असेल त्यावर. माणसाचा हक्क कोणत्या राज्यात उभे राहून तो मागतो ह्यावर अवलंबून असतो, हा धडा त्या एका शिवेने शिकविला.

पहिल्या कडीवर घाव घातला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. 1928 मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात 1874 च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. वतनदार महारास दिवसरात्र केव्हाही कामास जुंपता येते, तो हजर नसला तर त्याच्या घरच्या माणसास पकडले जाते, आणि ह्या साऱ्याचा मोबदला म्हणजे थोडी इनाम जमीन व देईल तितके बलुते, हे त्यांनी सभागृहापुढे ठेवले. ते विधेयक पार पडले नाही. कनिष्ठ ग्रामवतने नाहीशी झाली ती 1958 च्या कायद्याने. मधल्या काळात 1950 मध्ये राज्यघटना अंमलात आली आणि तिच्या 23 व्या अनुच्छेदाने वेठबिगारीस मनाई केली. विशेष असे की, घटनेच्या इंग्रजी मसुद्यातही ‘बेगार’ हा देशी शब्दच ठेवावा लागला. ह्या दुःखास परकी भाषेत नेमके नाव सापडले नसावे. त्याच अनुच्छेदाने सार्वजनिक प्रयोजनासाठी सक्तीची सेवा लावण्याची मुभा राज्यास ठेवली आहे. परंतु ती लावताना धर्म, वंश, जात वा वर्ग एवढ्याच कारणावरून भेद करता येणार नाही, अशी अट घातली. गावकूस सर्वांचे; मग त्याचे ओझेही एकाच वाड्यावर टाकता येणार नाही, असा ह्याचा अर्थ आम्ही समजतो.

दुसरी कडी, मोलाची, 1948 च्या किमान वेतन कायद्याने हाती घेतली. पण ह्या दोन कड्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत हे न्यायालयाच्या तोंडून बाहेर पडावयास 1982 साल उजाडावे लागले. दिल्लीस आशियाई क्रीडास्पर्धांसाठी मोठाली बांधकामे चालू होती आणि तेथील मजुरांस ठरलेले किमान वेतनही पुरते मिळत नव्हते. त्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती भगवती ह्यांच्या निकालपत्रात, असे ठरविले की किमान वेतनाहून कमी देऊन काम करवून घेणे हीदेखील सक्तीची मजुरीच होय. माणसास चाबकानेच राबविता येते असे नाही, भूकही राबविते. 1877 मध्ये दख्खनच्या उपाशी मजुरांनी कामावरून उठून जे सांगितले होते, तेच शंभर वर्षांनी कायद्याचे वचन झाले.

आणि दामाजीपंतांचे कोठार? त्यासही महाराष्ट्राने कायद्याचे रूप दिले. वि. स. पागे ह्यांच्या प्रेरणेने आखलेली रोजगार हमी योजना 1972 मध्ये राज्यभर लागू झाली. लगेच आलेल्या भीषण दुष्काळात सोलापुरासारख्या अवर्षणग्रस्त जिल्ह्यांतील लाखो माणसांनी पाझर तलावांवर आणि रस्त्यांवर खडी फोडून दिवस काढले. योजनेच्या खर्चासाठी 1975 पासून शहरातील पगारदारांवर व्यवसाय कर बसविण्यात आला. 1977 मध्ये तिचा कायदा झाला आणि 1979 च्या 26 जानेवारीपासून तो अंमलात आला. काम मागणाऱ्यास ठरलेल्या मुदतीत काम द्यावे, न दिल्यास बेकारी भत्ता द्यावा, असे तो सांगत होता. दामाजीपंतांनी जे राजाज्ञा मोडून केले, ते न करणे हाच आता आज्ञाभंग ठरला. पाच शतकांत दानाचे हक्कात रूपांतर झाले ते असे.

ह्या योजनेने खेड्यापाड्यांत एक नवी वस्तू नेली, ती म्हणजे हजेरीपट. कोण आले, किती दिवस आले, किती मजुरी झाली, हे त्यावर लिहिलेले. त्या कागदाची निंदा पुष्कळ झाली आणि ती अगदीच निराधार नव्हती. न आलेल्यांची नावे त्यावर चढल्याच्या आणि आलेल्यांचे दिवस बुडाल्याच्या तक्रारी ठिकठिकाणी झाल्या. तरीही आमचे मत असे की, ह्या मळकट कागदाची योग्यता एखाद्या ताम्रपटाहून कमी नाही. त्यावर प्रथमच राबणाऱ्याचे नाव आले; दात्याचे किंवा राजाचे नव्हे.

पुढे 1996 मध्ये इमारत व इतर बांधकाम कामगारांचा स्वतंत्र कायदा झाला, बांधकामांच्या खर्चावर उपकर बसला, आणि महाराष्ट्रात 2011 मध्ये त्यासाठी कल्याणकारी मंडळ स्थापन झाले. येथेही सारे काही नोंदणीवर येऊन थांबले: मागील वर्षात 90 दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला आणावा तेव्हा नाव लागे. आज ह्या आकाड्याच्या गावी, उद्या त्या. मुकादम दर महिन्यास निराळा. असा दाखला गवंड्याच्या हाताखालच्या बाईने कोणाकडे मागावा? 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयासही जमा झालेला उपकर कामगारांपर्यंत पोचत नाही म्हणून सरकारांची कानउघाडणी करावी लागली. आता 1923 चा कायदा, 1948 चा कायदा आणि 1996 चे कायदे हे सर्व नव्या श्रम संहितांत विलीन झाले आहेत. 2025 च्या 21 नोव्हेंबरपासून त्या संहिता अंमलात आल्या. कामगारास नेमणूकपत्र द्यावे असेही त्यांत म्हटले आहे. कलमांचे क्रमांक बदलले. परंतु कोणताही नवा कायदा वाचताना वाचकांनी जुनेच तीन प्रश्न त्यास विचारावे, आणि चौथा त्यांस जोडावा: नाव कोठे लिहिले आहे?

कारण नावावाचून बाकीचे तिन्ही प्रश्न पोकळ ठरतात. ज्याचे नाव नाही त्याचा नकार कोणी ऐकत नाही, त्याची मजुरी कोणी मोजत नाही, आणि त्याच्या वारसास कोणी ओळखत नाही.

पंढरीस महाद्वारापाशी उभे राहिले म्हणजे चोखोबांच्या समाधीपुढे माणसे नमताना दिसतात. आम्हीही नमतो. परंतु तेथे उभे असता, त्याच ढिगाऱ्यात राहून गेलेल्या इतरांची आठवण आम्हांस चुकविता येत नाही. त्यांच्या अस्थी वेचावयास कोणी नामदेव आला नाही. दर वेळी नामदेव येईल असे समाजाने धरून चालू नये, यासाठीच कायदा असतो. उद्या कोठे भिंत पडलीच, तर खालच्या माणसांची नावे अस्थींना कान लावून ओळखावी लागू नयेत. ती आदल्याच दिवशी कागदावर असावीत. सातशे वर्षांपूर्वीच्या त्या मजुरांचे एवढे देणे आपण अजून लागतो.